नवा जन्म आणि विश्वास : निकदेमापासून पंडिता रमाबाईंपर्यंत

गेल्या खेपेच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्यांनी चिठ्ठी पाठवली होती. प्रश्न छोटाच होता. 'ख्रिस्ती धर्म पुनर्जन्म मानत नाही. मग "नव्याने जन्म" ही भाषा त्यात कुठून आली? आणि ते लोक सारखे "विश्वास, विश्वास" म्हणतात, त्याचा अर्थ पुराव्याशिवाय मानणं एवढाच ना?' आज या दोन्ही प्रश्नांचा विचार एकत्र करू या, कारण इतिहासात ते एकत्रच चालत आलेले आहेत. सुरुवातीलाच सांगतो, आपण इथे कुणाचा प्रचार करायला बसलेलो नाही आणि खंडन करायलाही नाही. एक कल्पना कुठून आली, कशी बदलली आणि आपल्या पुण्याच्या एका घरात येऊन तिने काय उलथापालथ केली, हे पाहायचं आहे.

पहिल्यांदा घोटाळा दूर करू. आपल्याकडे पुनर्जन्म म्हणजे देह पडल्यावर जीवाने दुसरा देह घेणं. कर्माचा हिशेब पुढच्या खात्यावर जातो. शिवाय आपल्या परंपरेत तो सुटण्याचा विषय आहे, मिळवण्याचा नाही. ख्रिस्ती 'नवा जन्म' याच देहात, याच आयुष्यात व्हायचा असतो आणि तो हवासा मानलेला आहे. आपल्याकडे त्याच्या जवळचा शब्द शोधायचाच तर तो 'द्विज'. मुंज झाली की मुलाचा दुसरा जन्म झाला असं आपण म्हणतोच की. पण तिथेही फरक आहे. द्विज होण्याचा अधिकार कुणाला, हे पहिल्या जन्मावरून ठरत होतं. योहानाच्या शुभवर्तमानातला येशू मात्र दुसऱ्या जन्माची गोष्ट अशा माणसाला सांगतो, ज्याचा पहिला जन्म, शिक्षण, मानमरातब सगळं उत्तम होतं.

त्या माणसाचं नाव निकदेम. परुशी पंथाचा, यहुद्यांच्या अधिकारीवर्गातला, शास्त्र जाणणारा. तो येशूकडे रात्री येतो. का रात्री, ते योहान सांगत नाही. येशू त्याला म्हणतो की जन्म पुन्हा झाल्याशिवाय देवाचं राज्य दिसायचं नाही. निकदेम गोंधळतो. म्हातारा माणूस पुन्हा आईच्या पोटात कसा जाणार?

आता गंमत पाहा. योहानाने जो ग्रीक शब्द वापरला आहे, 'आनोथेन', त्याचे दोन अर्थ होतात. एक 'पुन्हा', दुसरा 'वरून'. निकदेमाने पहिला ऐकला, येशूच्या मनात दुसराही आहे. पुढे आणखी एक शब्द येतो, 'प्नेउमा'. त्याचा अर्थ वारा, श्वास आणि आत्मा, असा तिहेरी. वारा हवा तिकडे वाहतो, आवाज ऐकू येतो, पण तो कुठून आला हे कळत नाही; आत्म्यापासून जन्मलेल्याचं तसंच आहे, असा तो दृष्टान्त. म्हणजे हा जन्म आपण घडवून आणायचा नाही. कुणीही स्वतःला जन्म देत नाही. पहिल्या जन्मात तुमचं-आमचं कर्तृत्व किती होतं? शून्य. दुसऱ्यातही तसंच, असं हा मजकूर सुचवतो. निकदेमासारख्या कर्तबगार, अभ्यासू माणसाला नेमकं हेच अवघड गेलं असणार.

मग माणसाने करायचं काय? त्याच अध्यायात पुढे उत्तर येतं : विश्वास ठेवायचा. आणि इथे आपल्या श्रोत्यांचा दुसरा प्रश्न उभा राहतो.

आम्ही स्वतः कितीतरी वर्षं वर्गात फळ्यावर लिहीत आलो, 'श्रद्धा म्हणजे पुराव्यावाचून केलेला स्वीकार.' मुलं उतरवून घेत आणि परीक्षेत तेच लिहीत. आज वाटतं, ती व्याख्या फारच पोकळ होती. ती विधानांना लागू पडते, माणसांना नाही. 'अमुक आहे असं मी मानतो' हा एक प्रकार आणि 'अमक्यावर माझा भरवसा आहे' हा दुसरा. पहिल्यात वाक्य खरं की खोटं एवढाच प्रश्न असतो. दुसऱ्यात मी स्वतःला कुणाच्या तरी हाती देत असतो.

शब्दांचा इतिहास याची साक्ष देतो. हिब्रू बायबलमधला शब्द आहे 'एमुना'. त्याचा धातू घट्ट असणं, टिकून राहणं या अर्थाचा. आपण ऐकतो तो 'आमेन' त्याच धातूचा. निर्गमाच्या पुस्तकात लढाईचा एक प्रसंग आहे. मोशेचे उभारलेले हात थकतात, तेव्हा अहरोन आणि हूर दोन्ही बाजूंनी ते हात सावरून धरतात आणि सूर्य मावळेपर्यंत ते स्थिर राहतात. त्या स्थिरपणाला तिथे 'एमुना' म्हटलं आहे. यात मत, सिद्धान्त वगैरे काही नाही. थकलेले हात आहेत, आणि ते कुणीतरी धरलेले आहेत.

ग्रीक शब्द 'पिस्तिस'. त्यात भरवसा, निष्ठा, दिलेला शब्द, हमी अशा सगळ्या छटा येतात. गंमत म्हणजे योहानाच्या शुभवर्तमानात हे नाम एकदाही नाही. तिथे फक्त क्रियापद आहे, आणि ते जवळजवळ शंभर वेळा आलं आहे. शिवाय त्याच्यापुढे योहान अनेकदा जे अव्यय जोडतो त्याचा अर्थ 'आत, कडे' असा होतो. म्हणजे विश्वास ही बाळगायची वस्तू नाही, कुणाच्या तरी दिशेने टाकलेलं पाऊल आहे.

लॅटिनमध्ये 'क्रेडो', ज्यावरून ख्रिस्ती मतांगीकाराला नाव पडलं. हा 'क्रेडो' आणि आपली 'श्रद्धा' ही सख्खी भावंडं आहेत, हे भाषाशास्त्रज्ञांनी दाखवून दिलेलं आहे. दोन्हींच्या मुळाशी 'धा', म्हणजे ठेवणे, हा धातू आहे; हृदय कशावर तरी ठेवणं असा त्याचा मूळ अर्थ लावतात. आणि मराठी? मराठी बायबलमध्ये शब्द येतो 'विश्वास', आणि आपण विश्वास 'ठेवतो'. ठेव ठेवावी तसा. ठेव दुसऱ्याच्या हाती असते, ती बुडूही शकते, ही जोखीम त्या क्रियापदातच आहे. आणि 'विश्वास' हा संस्कृत शब्द 'श्वस्' धातूचा. मोकळा श्वास घेणं, निर्भय असणं हा त्याचा मूळ भाव. तिकडे 'प्नेउमा' म्हणजे श्वास, इकडे विश्वास म्हणजे मोकळा श्वास. ठरवून जुळवलेलं नाही, पण जुळलंय खरं.

आता इतिहासाकडे वळू. पहिल्या शतकांमध्ये नवा जन्म आणि बाप्तिस्मा हे एकमेकांत गुंफलेले होते. माणूस पाण्यात उतरायचा, बाहेर यायचा; जुना माणूस मेला, नवा जन्मला. ऑगस्टीनची गोष्ट आपल्याला ठाऊक आहे. ३८६ साली मिलानमधल्या एका बागेत तो रडत बसलेला असताना त्याला एका बालकाचा आवाज ऐकू आला, त्याने पौलाची पत्रं उघडून वाचली, आणि पुढच्या वर्षी, ३८७ च्या ईस्टरला, बिशप अँब्रोझने त्याला बाप्तिस्मा दिला. आत आधी पालट, मग संस्कार, असा हा क्रम. पण पुढे सगळा समाजच ख्रिस्ती झाला, तान्ह्या बाळांना बाप्तिस्मा देणं ही सर्वसाधारण रीत झाली, आणि क्रम उलटला. संस्कार आधी, पालट नंतर कधीतरी, किंवा कधीच नाही. जन्मतःच 'पुन्हा जन्मलेले' लोक तयार झाले म्हणा ना.

हा पेच मार्टिन ल्यूथरला जाणवला. तो नुसता ख्रिस्ती नव्हता, मठवासी होता, बायबल शिकवणारा प्राध्यापक होता. आणि तरी धास्तावलेला. देवाची 'नीतिमत्ता' म्हणजे आपला न्यायनिवाडा करणारी नीतिमत्ता, असं समजून तो त्या शब्दाचा तिरस्कार करायचा. रोमकरांस लिहिलेल्या पौलाच्या पत्रावर विचार करता करता त्याला कळलं की ही नीतिमत्ता देव देऊ करतो, वसूल करत नाही, आणि ती घ्यायची विश्वासाने. १५४५ साली लिहिलेल्या आठवणीत तो म्हणतो की तेव्हा आपण पुन्हा जन्मल्यासारखं वाटलं. त्याचा सहकारी मेलँक्थॉन, आणि पुढचे प्रोटेस्टंट पंडित, यांनी विश्वासाचे पदर वेगळे केले : माहिती असणं, ती खरी मानणं आणि भरवसा टाकणं. पहिले दोन तर सैतानालाही जमतात, असा युक्तिवाद ते करत. आधार याकोबाच्या पत्राचा. एकच देव आहे हे भुतांनाही मान्य आहे, आणि ती थरथर कापतात! मान्यता आहे, भरवसा नाही.

दुसरी बाजूही सांगायला हवी. ट्रेंटच्या धर्मसभेने १५४७ साली कॅथलिक बाजू मांडली की विश्वास म्हणजे केवळ भरवसा, असं म्हणणं अपुरं आहे. त्याला आशा आणि प्रेमाची जोड हवी, नाहीतर तो जिवंत नाही. हा आक्षेप हलका नाही. भरवशाच्या नावाखाली माणूस स्वतःच्या मनाची समजूत घालत नसेल कशावरून? तो भरवसा त्याच्या वागण्यात दिसतो का? हा प्रश्न लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता एक साखळी पाहू. कडी पहिली, जॉन वेस्ली. ऑक्सफर्डचा शिक्षित, १७२८ पासून पुरोहित. अमेरिकेला जाताना, १७३६ च्या जानेवारीत, अटलांटिकवर भयंकर वादळ झालं. इंग्रज प्रवासी किंचाळत होते, आणि जर्मन मोरेव्हियन लोक, बायकामुलांसकट, शांतपणे भजन म्हणत होते. वेस्लीच्या ध्यानात आलं की आपण सगळं मानतो, पण आपल्याला मरणाची भीती वाटते. यांना वाटत नाही. दोन वर्षांनी, २४ मे १७३८ ला, लंडनच्या अल्डर्सगेट स्ट्रीटवरच्या एका छोट्या सभेत कुणीतरी ल्यूथरची रोमकरांस पत्राची प्रस्तावना वाचत होतं. ती ऐकताना आपल्या हृदयात ऊब जाणवली आणि ख्रिस्तावर भरवसा बसला, असं त्याने रोजनिशीत नोंदवलं. दहा वर्षं पुरोहित असलेला माणूस!

कडी दुसरी. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडच्या चर्चमध्ये वाद पेटला की बाप्तिस्म्यातच नवा जन्म होतो की नाही. एक्झिटरच्या बिशपने गोरहॅम नावाच्या पाळकाची नेमणूक याच मुद्द्यावर अडवली. प्रकरण थेट प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेलं आणि १८५० साली निकाल गोरहॅमच्या बाजूने लागला. नवा जन्म कधी होतो, याचा निवाडा कोर्टात! दुसऱ्याच वर्षी त्याच बिशपच्या हद्दीत, कॉर्नवॉलमधल्या बाल्ढू गावी, विल्यम हॅस्लम नावाचा पाळक व्यासपीठावर उभा राहिला. तो संस्कारांवर भर देणाऱ्या पक्षाचा. स्वतःचंच प्रवचन देता देता त्याच्या मनात प्रकाश पडला, आणि श्रोत्यांमधला एक जण ओरडला की पाळकबुवांचंच परिवर्तन झालं! पुढे हॅस्लमने आपली ही कहाणी पुस्तकरूपाने लिहिली.

ते पुस्तक पोचलं पुण्याला. ही तिसरी कडी, पंडिता रमाबाई.

रमाबाईंचं पूर्वायुष्य तुम्हाला माहीत आहे, म्हणून थोडक्यात. १८५८ चा जन्म. वडील अनंतशास्त्री डोंगरे, ज्यांनी पत्नीला संस्कृत शिकवलं. तीर्थयात्रा करत हे कुटुंब देशभर हिंडलं, दुष्काळात आईवडील गेले. कलकत्त्याच्या पंडितांनी 'सरस्वती' पदवी दिली. बंगाली वकील बिपिनबिहारी यांच्याशी विवाह, आणि १८८२ च्या फेब्रुवारीत वैधव्य, पदरी तान्ही मनोरमा. १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या, वाँटिजच्या भगिनींच्या मठात राहिल्या. फुलहॅम इथे 'पतित' म्हणून टाकलेल्या स्त्रियांना भगिनी कशा सांभाळतात हे त्यांनी पाहिलं, आणि शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचली. तो धर्म त्यांना तिथे पटला. नीळकंठशास्त्री गोऱ्ह्यांच्या लिखाणाने बुद्धीचंही समाधान केलं. २९ सप्टेंबर १८८३ ला मायलेकींचा बाप्तिस्मा झाला.

वाँटिजच्या मठात बाप्तिस्मा हाच नवा जन्म मानत. म्हणजे त्यांच्या हिशेबी काम पूर्ण झालं होतं. पण रमाबाई काही मुकाट्याने मान डोलावणाऱ्या नव्हत्या. सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार वाचा. त्रैक्याचा सिद्धान्त, कुमारीपोटी जन्म, बिशपांचा अधिकार, प्रत्येक गोष्टीवर प्रश्न. भारतातल्या भटभिक्षुकांच्या जोखडातून सुटलेली मी, दुसरं जोखड मानेवर घेणार नाही, हा त्यांचा पवित्रा. भगिनींना हा अहंकार वाटला. आज वाचताना आपल्याला दिसतं की इथे एक अव्वल दर्जाची तार्किक बुद्धी प्रत्येक विधान पारखून घेते आहे. त्यात गैर काही नव्हतं. मात्र अजून सगळा व्यवहार विधानांचा होता.

पुढे अमेरिका, 'द हाय-कास्ट हिंदू वुमन' हे पुस्तक, ११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन, १८९० च्या अखेरीस सदन पुण्यात. काम जोरात होतं. बाल-विधवा शिकत होत्या. आणि याच काळात रमाबाईंना आतून रितं वाटत होतं. हॅस्लमचं पुस्तक त्यांच्या वाचनात आलं. बाप्तिस्मा झालेला, इतरांना धर्म सांगणारा माणूस आणि तरी आत कोरडा, हे चित्र त्यांना ओळखीचं वाटलं. १९०७ साली लिहिलेल्या आपल्या साक्षीत त्यांनी म्हटलं आहे ते असं : बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी कळलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. १८९१ साली त्यांनी स्वतःला विनाअट त्याच्या हाती सोपवलं. स्वतःचं कर्तृत्व, विद्वत्ता, पुण्य यांची गणती थांबली.

आठ वर्षांत माहिती वाढली असेल, मान्यता पक्की झाली असेल. पण १८९१ ला जे घडलं ते या दोहोंच्या बेरजेने आलं नाही. निकदेमाला जे अवघड गेलं तेच इथे झालं.

पण मंडळी, गोष्ट इथे संपवली तर ती प्रवचन होईल, इतिहास होणार नाही. कारण खरी अडचण यापुढे आहे. शारदा सदन धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील, असं वचन होतं. त्या वचनावर विसंबून हिंदू पालकांनी मुली पाठवल्या होत्या, आणि न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखी माणसं सल्लागार मंडळात होती. रमाबाई आपल्या खोलीत दार उघडं ठेवून प्रार्थना करत. कुणाला बोलावलं नाही, कुणाला अडवलंही नाही. मुली येऊन बसू लागल्या. काहींना ओढ वाटू लागली. पुण्यात गहजब झाला, 'केसरी'ने टीकेची झोड उठवली, आणि १८९३ साली रानडे-भांडारकरांनी मंडळाचा राजीनामा दिला. पालकांनी मुली काढून नेल्या.

कोण बरोबर? रमाबाईंचं म्हणणं, माझ्या घरात मी माझी प्रार्थना का लपवू? जो विश्वास लपवावा लागतो तो कसला? पालकांचं म्हणणं, आम्हीही विश्वासच ठेवला होता, तुमच्यावर. आमच्या लेकी ही आमची ठेव होती. पाहा, दोन्हीकडे शब्द एकच आहे. देवावरचा भरवसा पाळताना माणसांचा भरवसा तुटला. रमाबाईंनी वचनाचं अक्षर मोडलं नाही, असं आम्हाला वाटतं. पण आईबापांना जे वाटलं ते खोटं होतं, असंही म्हणवत नाही. नव्याने जन्मलेल्या माणसाचे जुने करार तसेच राहतात, आणि ते निभवायचे कसे, याचं तयार उत्तर निकदेमाच्या गोष्टीत नाही.

ट्रेंटच्या आक्षेपाचं काय? भरवसा वागण्यात दिसला का? १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुली, विधवा यांना घेऊन आल्या. दुष्काळात आईबाप गमावलेली बाई ती. ती भूक त्यांच्या ओळखीची होती. केडगावला 'मुक्ति' उभं राहिलं. पुढे हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी साध्या बायकांना कळेल अशा मराठीत सबंध बायबलचं भाषांतर केलं, आणि ते मुक्तीतल्या स्त्रियांनीच छापलं. १९२१ साली मनोरमा गेली. तरीही काम थांबलं नाही. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या, तेव्हा भाषांतर हातावेगळं झालेलं होतं.

एक घरची गोष्ट सांगतो आणि थांबतो. मध्यंतरी आमच्या घरी एक मोठी शस्त्रक्रिया झाली. संमतीपत्रावर सही करायची होती. सर्जननी आकडे सांगितले, धोके सांगितले. आम्ही आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवलेला माणूस. सगळं समजलं, सगळं मान्य झालं, आणि तरी पेन उचलवेना. बायकोनेच हात पुढे करून म्हटलं, 'आणा इकडे, मी करते.' जिच्यावर शस्त्रक्रिया व्हायची होती तिने सही केली. सगळं नीट झालं. पण नसतं झालं तरी त्या सहीचा अर्थ बदलला नसता. माहिती आम्हा दोघांना सारखीच होती. फरक कुठे होता, ते आमच्या फळ्यावरच्या व्याख्येत बसत नव्हतं.

तर चिठ्ठी लिहिणाऱ्या श्रोत्यांना उत्तर असं. ख्रिस्ती 'नवा जन्म' म्हणजे दुसरा देह नाही, तर याच देहात आधार बदलणं. आणि विश्वास म्हणजे पुराव्याची उणीव नाही; पुरावा जिथपर्यंत नेतो त्याच्यापुढे स्वतःला कुणाच्या हाती देणं. ज्याच्या हाती दिलं तो आहे की नाही, हा प्रश्न उरतोच. तो तुम्ही आपापल्या परीने सोडवायचा.

आणि निकदेम? तो नव्याने जन्मला की नाही, हे योहानाने कुठेच सांगितलेलं नाही. पण येशूला क्रुसावरून उतरवलं तेव्हा, बहुतेक शिष्य पांगलेले असताना, तो पुन्हा दिसतो. रात्री आलेला तो हाच, अशी आठवण योहान मुद्दाम देतो. बरोबर सुमारे शंभर शेर गंधरस आणि अगरू, प्रेताला लावायला. सगळा डाव संपलाय असं दिसत असताना माणूस एवढं ओझं घेऊन येतो, तेव्हा तो काय मानत होता, हे विचारायची आम्हाला तरी गरज वाटत नाही.

पुढच्या वेळी विल्यम जेम्स घेऊ. त्याने 'एकदा जन्मलेले' आणि 'दोनदा जन्मलेले' असे माणसांचे दोन प्रकार केले आहेत, आणि पहिल्यांना तो कमी लेखत नाही. तोवर तुमचे प्रश्न येऊ द्या.